डाव्या बाजूचं दुखणं

रोहा, १८ जानेवारी २०२५

ती. मनालीताईस धाकट्या जितेशचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. माझा फोन कोलाडला राफ्टिंगवाल्यांबरोबर फिरताना कुंडलिकेत गेला आणि घरातला आबांच्या उशाला असतो, बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं. म्हणून साहिल कंडक्टरच्या हाती हे पेणला पाठवतोय. तू तिकडे शिकाऊ डॉक्टर झाल्यापासून त्याला रोज नवीन दुखणं होतंय, सांभाळ.

आबांच्या पोटात तीन दिवस दुखतंय. डावीकडे, खाली. ताप हाय, शौचाला नाय. आई म्हणते शेतात मडक्यात भाजलेल्या पोपटीतले वाल बाधले. पोपटी मीच लावलेली, मडकं असलं भारी उतरलं होतं की, जाऊ दे. आबा म्हणतात बेंबीची वाटी सरकली. अख्ख्या गावाच्या सरकलेल्या वाट्या चोळून जाग्यावर बसवणारा माणूसच असं म्हणतो, तर आपण काय बोलणार? त्यांच्यानंतर हा हात फक्त मला येतो. उद्या सकाळी अनशापोटी मीच दाबायचं ठरलंय. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले, वाट्या बसवणारा काळुरामच डॉक्टरकडे गेला तर माझ्या दारात उद्या कोण येईल.

मी हो म्हटलंय खरं, पण मन घेत नाय. लगेच कळव.

तुझ्या ओरड्याची वाट बघणारा,
जितेश

पेण, रामवाडी, १८ जानेवारी, संध्याकाळ

चि. जितेशला अनेक आशीर्वाद, वि. वि.

हात लावू नकोस. एरंडेल नको, शेक नको. आबांना फोन केला, तर बरा आहे म्हणून ठेवून दिला, परत उचलला नाही. आता तूच त्यांना समजाव.

सायकलचा टायर झिजला की ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, तसं मोठ्या आतड्याचं असतं. भिंतीत रक्तवाहिनी शिरते ती जागा कमजोर, तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं. साठीनंतर अशा पिशव्या कितीतरी जणांना असतात, कळतही नाही. त्यातली एखादी सुजली की असंच दुखतं: डावीकडे, खाली, तापासकट. मला त्याचीच भीती वाटते. दाबताना ती फुटली तर घाण सगळ्या पोटात पसरेल. पोट फळीसारखं कडक झालं तर समज की वेळ उरलेली नाही. वालांचा दोष नाही, आईला सांग. आम्ही परीक्षेला हा आजार एका पानात उरकला होता. आज ते पान चार वेळा वाचलं.

सकाळी त्यांना घेऊन ये. रागावले तर रागावू देत.

लोभ आहेच, फक्त ऐक.
ताई

रोहा, १९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

साहिल रात्री पेणलाच राहिला. तुझं पत्र घेऊन तो दारात आला तेव्हा तेल कोमट झालं होतं आणि माझा अंगठा आबांच्या पोटावर होता. एकदा दाबलं होतं, ताई. त्यांचा श्वासच अडकला. तरी म्हणत होते, दाब, तुझ्यात जोर नाय.

मी पत्र मोठ्यानं वाचलं, रडत वाचलं, लपवत नाय. त्यांनी फुटण्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, हे सगळ्यांचं डावीकडेच दुखतं का. आणि स्वतःच उठून सदरा मागितला.

आई त्यांना रिक्षातून आणतेय, हे पत्र तिच्याकडेच दिलंय. खळ्यावर वाल पडलेत म्हणून मागे राहिलो असं तिला सांगितलं. खरं तर तुझ्यासमोर यायची छाती नाय. पोट कडक नव्हतं, मी बघितलं.

जमलं तर माया ठेव,
जितेश

पेण, २३ जानेवारी

चि. जितेशला अ. आ.

स्कॅनमध्ये तेच निघालं. आतड्याला लागून थोडा पू आहे, पण फुटून पसरलेलं नाही. सलाइनमधून औषधं चालू आहेत, ताप कालपासून उतरला. ऑपरेशन आत्ता तरी नाही. तुझ्या त्या एका दाबाबद्दल मी आमच्या वॉर्डच्या सरांना सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं, मीही खोदून विचारलं नाही.

काल आबांनी एक जुनी गोष्ट काढली. गडब गावच्या सरूकाकीचा नवरा बारा वर्षांपूर्वी डावीकडे दुखतं म्हणून त्यांच्याकडे आला होता. आबांनी तीन सकाळी चोळलं. चौथ्या दिवशी तो गेला. माझ्या हातानं गेला का, असं मला विचारत होते. मी म्हटलं, आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, नाही म्हणतेस की माहीत नाही म्हणतेस. मी म्हटलं, माहीत नाही.

सोमवारी सोडतील. एसटी नको, गाडी घेऊन तूच ये. आबांना वाटेत गडबला उतरायचं आहे. आई नको म्हणतेय, मीही नको म्हणून पाहिलं. सरूकाकीला काय सांगणार ते सांगत नाहीत. एवढंच म्हणाले की जितेशला तिच्या घरात बरोबर नेईन.

ये, रागावणार नाही.
ताई