बुजविलेली भोके

सोमवार, ता. ५
आम्ही उभयता बंधू सुखरूप पोहोचलो. जुन्या बाजारपेठेतील बारा इमारतींच्या दर्शनी भिंती दुरुस्त करण्याचे काम मजकडे आले आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत. परंतु भिंत सरळ की वाकडी हे सांगणाऱ्या माझ्या ओळंब्यापुढे इंजिनियरही मान तुकवितात. इमारती देखण्या आहेत. दगडी कमानी, लाकडी सज्जे, नक्षीचे खांब. दोष एकच. प्रत्येक दारालगत, कोपराच्या उंचीवर, मनगट शिरेल एवढे भोक आहे. आमच्या खोलीतही पलंगामागे तसेच होते. सामान सोडण्यापूर्वीच मी ते चुन्याने बुजविले. दादा, आधी चहा तरी घेऊ या, असे म्हणून धाकटा हसला.

बुधवार, ता. ७
सहा भोके बुजविली. सातव्यास शिंपी आडवा आला. त्याचे म्हणणे, रोज सकाळी भोकात हात द्यावा. भिंत तो दाबते व सोडते, तेवढ्यावर गप्प राहते. मिस्त्री, अक्कल घरीच विसरून आलात काय, असेही तो बोलला. चाळीस वर्षे भिंती उभारणाऱ्यास शिंप्याने शिकवावे! त्याचे भोक मी दुप्पट जाड लिंपले.

गुरुवार, ता. ८
शिंपी मेला. माझा चुना आतून फुटला होता. सकाळी नेहमीप्रमाणे आत दिलेला त्याचा हात भिंतीने खांद्यापासून उपटून घेतला. रक्त कमानीपर्यंत उडाले. भोकात खोलवर बोटे अद्याप वळवळत होती.
बेकरीवाल्याने चारचौघांत बजावले की, ज्याने भोके बुजविली त्याने स्वतःचा हात दिल्याखेरीज भिंती शांत होणार नाहीत. मी उत्तर दिले की, माझ्या कामात चूक नसते.

शुक्रवार, ता. ९
धाकटा मला न विचारता छिन्नी घेऊन भोके उघडावयास गेला. तिसऱ्याने त्यास कोपरापर्यंत धरले. मी कंबर धरून ओढले. हाडे फुटली. तो ओरडला की, दादा, तुझा हात दे.
माझा उजवा हात. ओळंब्याचा हात. मी क्षणभर थांबलो—
तेवढ्यात त्याचा हात खांद्यापासून गेला.

शनिवार
धाकटा पलंगावर आहे. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, रक्त थांबणार नाही. पलंगामागे चुना तडकतो आहे. माझाच चुना.

चूक माझी. प्रथमच लिहितो.

उजवा हात दिला. हे डाव्याने—
दाबते आहे. मनगट गेले. सोडत नाही.
धाकटा विचारतो, दादा, सोडते का.
मी सांगितले, हो रे, आता सो—