हलगीच्या चालीवर प्रश्नोत्तरी

३ फेब्रुवारी १९११, धारूर

सोळा पोरं, वीस प्रश्न, तेरा दिवस. संपलं माझं मास्तरीणपण! सोळा तारखेला पाळक मोहनराव अंबाजोगाईहून परीक्षेला येणार. पोरांना धर्माची प्रश्नोत्तरी आली नाही तर शाळा बंद, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पोरं शेरडांमागं, आणि मी परत नगरच्या बोर्डिंगात, भांडी घासायला.

साखराला विचारलं, तुला कुणी निर्माण केलं? म्हणाली, "मायनं." चूक तरी कशी म्हणू?

५ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत मी पेटीवर विलायती चालीचं गीत वाजवलं. पोरं पेंगली. बा मात्र जागा — बोटं मांडीवर ताल धरायला लागली, तसा हात मांडीखाली दाबून बसला! बारा वर्षं हेच चाललंय. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आधीच्या पाळकांनी सांगितलं, जत्रेतली हलगी देवाला चालत नाही. बानं सोडली. तेव्हापासून ती चुलीजवळ उलटी पडलीय, माय तिच्यात भाकरी ठेवते. घरात त्या चाली गुणगुणायच्यासुद्धा नाहीत.

मी सहा वर्षांची होते. बाच्या हलगीवर नाचायचे. अजून आठवतं, आणि अजून राग येतो — कुणाचा, ते मलाच कळत नाही.

७ फेब्रुवारी

पाप केलं. मजा आली!

पहिले चार प्रश्न बाच्या जत्रेतल्या चालीवर बसवले. महिनाभर घोकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पोरांनी एका दुपारात पाठ केलं. साखरा तर म्हणते, "देव आज पयल्यांदा ग्वाड लागला, बाई." मी पाठ फिरवून फळा पुसला. फळ्यावर काही नव्हतंच.

९ फेब्रुवारी

दहा झाले.

१३ फेब्रुवारी

वीसही झाले! बंकट शेरडं हाकताना गातो. शेजारच्या छबुबाई जात्यावर आमचा सातवा प्रश्न म्हणतात! वर मलाच सांगतात, "चाल लई झ्याक हाय. सबूद तुमचे तुमाला ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी बानं विचारलंच. "पोरं काय गातेत गं?"

"बोर्डिंगातली चाल. विलायती."

"विलायतेत बी आसंच हाय व्हय?"

मी मान हलवली. देवा, क्षमा कर. आणि सोळा तारखेनंतर कर, आत्ता घाई नाही.

१६ फेब्रुवारी

मातीत गेलं सगळं.

मोहनरावांनी अकरावा प्रश्न विचारला. प्रार्थना म्हणजे काय? सोळा पोरं एका सुरात पहिल्यापासून सुरू! "थांबा! अकरावा." पोरं थांबली, श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून. बंकटनं समजावलं, "साहेब, आदी धा म्हनल्याबिगर अकरावा येत न्हाई." मधूनच उत्तर द्यायला मी शिकवलंच नव्हतं. गाढव मी!

सतरावा विचारला. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला. तोही तालात पडला, पोरं आणखी खुलली.

"ही जत्रेतली चाल आहे. कुणी दिली?"

मी "विलाय—" म्हणते तोवर मागं बसलेल्या आईबापांतून बा उठला. "माजी हाय, साहेब. पोरीला मीच दिली. शिक्षा करायची तर मला करा."

साफ खोटं! माझा बा, देवाच्या घरात उभा राहून. साहेब तडक घोड्यावर बसले. निकाल पत्रानं कळेल.

म्हणजे बाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रात्री खूप रडले.

१९ फेब्रुवारी, रविवार

बाचा हात आज मांडीखाली नव्हता. मांडीवरही हलला नाही. नुसता पडून होता.

२७ फेब्रुवारी

पत्र आलं. शाळा राहणार! पोरांना सगळं येतं, फक्त वेळ लागतो, असं साहेब लिहितात. आणि खाली, बारीक अक्षरात — "ती चाल डोक्यातून जात नाही. परंतु सहाव्या प्रश्नानंतर ती कुठे वळते, ते आठवत नाही. कळवावे."

बाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानंच वाचायला लावलं. मग म्हणाला, "कागदात कशी मावल ती?"

२८ फेब्रुवारी

बा पहाटेच पायी अंबाजोगाईला गेला. माय चुलीपुढं बसून विचारतेय, "आगं अंजना, भाकरी ठिवू कशात?"