चोवीस तासांचं यंत्र

२७ जुलै २०१५
'तात्पुरते अपात्र'! आठ वर्षं विमान चालवतोय, आणि तपासणीत ईसीजीच्या एका वेड्यावाकड्या रेघेने जमिनीवर बसवलं. हृदयाची लय चुकते म्हणे. मला कधी काही जाणवलंच नाही, असं डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. इथे लिहितो — दोनदा जाणवलंय.
"चोवीस तास छातीला यंत्र लावा. आलेख स्वच्छ आला तर दुसऱ्या पायलटसोबत उडता येईल." उपकारच की!

२९ जुलै
गावी आलो. जून कोरडा, जुलै कोरडा. ढगांत मीठ सोडून पाऊस पाडायचा, हे माझं काम. आज माझंच विमान आमच्या सिरसाळ्यावरून गेलं — चालवणारा दुसराच. विकास सोसायटीच्या ओट्यावरून गावातला आसाराम दात काढत म्हणाला, "पायलटसाहेब, तुमी हितं कावून? मग वर कोण हाय?"
टाळकंच फिरलं.

३१ जुलै
माझा थोरला भाऊ बिभीषणदादा पाण्याचा टँकर चालवतो. आज उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन बसला. आईने कांदा हुंगवला. "उन्हानं झालं," म्हणाला. मग मी नि दादाने मिळून सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या.

३ ऑगस्ट
बीडहून यंत्र लावून आलो. छातीवर तारा, कमरेला डबी. काळीज एकदा जरी फडफडलं तरी नोंद होणार, आणि मग संपलंच! श्वाससुद्धा मोजून घेत होतो. संताप संताप झाला. दादा बघत होता.
"काढ ते. मला लाव."
"दादा, वेडा झालास का?"
"सोसायटीच्या निवडणुकीत मेलेली माणसं मत देत्यात. मी तर जित्ता हाय बे! माझं काळीज बैलावानी हाय."
आणि मी काढलं. कुठली तार कुठे होती ते पेनने खुणा करून त्याला लावलं. उड्डाणाआधी एकेक स्क्रू तपासणारा मी! लाज वाटली. तरी लावलंच.

४ ऑगस्ट
यंत्र परत दिलं. दादा म्हणतो, "परवानगी मिळाली की आपल्या रानावर दोन ढग जास्तीचे पाड." हसायला आलं नाही.

६ ऑगस्ट
औरंगाबाद. दवाखान्याचा बाक.
सकाळी डॉक्टरांचा फोन — "कुठे आहात? गाडी चालवू नका. तुमचं हृदय मध्येच चार-चार सेकंद थांबतंय. आजच भरती व्हा."
"डॉक्टर, ते हृदय माझं नाही. माझ्या भावाचं आहे."
डॉक्टर म्हणाले, "हे मला वर, विमान खात्याला कळवावं लागेल."
"कळवा. आधी तो कुठे आहे ते बघू द्या."
दादाचा टँकर मोटारसायकलने रस्त्यात गाठला. किल्ली हिसकावून घेतली. सगळं सांगितलं तरी पटेना, शिव्या देत भाड्याच्या गाडीत बसला.
आत्ता आत नेला. स्ट्रेचरवरून माझा हात धरून विचारत होता, "मग तुझं इमान कोण चालवनार बे?"