शनिवारी नाक्यावर

दादा, नात मोठ्यानं वाचून राह्यली आणि मी शेंगा फोडायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले. मेलेल्या बापाला पत्र लिहिणारी खुळी मी एकलीच असेन. पण तिच्या पुस्तकात अमेरिकेतली एक जुनी सरहद्द आहे. स्पेनच्या राजानं तिथं ओसाड माळावर मातीच्या भिंतींचे किल्ले बांधले, आत शिपाई ठेवले, आणि तिथले मूळचे अपाची लोक घोड्यांवर येऊन धाडी घालायचे. मी विचारलं, "त्या शिपायांच्या लेकी कुठं दिल्या होत्या गं?" ती हसली. "आजी, पुस्तकात तसलं नसतंय." नसतंय तर नसू दे. मातीची भिंत म्हणल्याबरोबर मला मंठ्याच्या पल्याडचा तुमचा नाका दिसला.

नाका कसला, जुन्या गढीच्या दोन खोल्या आणि पुढं ओटा. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड. लग्नाआधी मी शनिवारी दुपारी तुमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन यायची. बाकीचे शिपाई आत भाकरी खात, तुमचा मारुतीचा उपास, म्हणून ओट्यावर आपण दोघंच. पुढं मला वऱ्हाडात दिली आणि येता-जाता तुम्ही माझंच गाठोडं सगळ्यांदेखत सोडायला लागलात. लुगडं, दशम्या, सांडग्यांचं फडकं, एकेक झटकून बघायचात. पहिल्यांदा मी रडलेच. "सख्ख्या लेकीवर भरोसा न्हाई का?" तर म्हणालात, "इथं मी बाप न्हाई, शिपाई हाय. बांध आता." असा राग आल्ता! चार दिवस सासरी भांडी आपटत होते.

पोलिस ॲक्शनच्या आधीच्या श्रावणात मी पंचमीला आल्ते. आमच्याकडं स्वराज्य येऊन वर्ष झाल्तं, तुमच्या टोपीवर अजून निजामाचाच बिल्ला. तुमचा जावई निजामाविरुद्धच्या लढ्याच्या कॅम्पात जातो हे गावभर माहीत होतं, मंग तुम्हाला कसं नसेल? मी निघाले त्या दिवशी तुम्ही गाठोडं सोडलं, बघितलं, पण "बांध" म्हणाला न्हाईत. स्वतःच बांधायला बसलात, एकेक गाठ सावकाश. आणि नाक्याबद्दल घरात कधी अवाक्षर न काढणारा माणूस मला म्हणतो, "बाराला सगळे मागच्या खोलीत भाकरीला बसतात. बंदुका पुढंच, भिंतीला. रोजचं हाय." मी म्हणलं, "बरं." मंग हिरव्या बांगड्या हातात ठेवल्यात. "जल्दी जा, आभाळ आलंय." हे मला का सांगितलंत, दादा? सहज? का पोचवायला? म्हातारी झाले डोकं फोडून, बिलकुल उमगत न्हाई.

घरी पोचले तर नवऱ्यानं विचारलंच, नाक्यावर काय चाललंय. मी तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "शनिवारी बी?" मी चूल फुंकत होते. म्हणलं, "रोजच."

शनिवारीच नाक्यावर चालून गेले ते, कॅम्पातले सगळे. आतले चौघे हातात भाकरी घेऊन बसलेले, एक गोळी सुटली न्हाई. पण ओट्यावर तुम्ही होतात. कुणी म्हणतं, तुम्ही दारात आडवे झालात. कुणी म्हणतं, बाजूला सरत होतात. काठी पडली ती उजव्या कोपरावर. नवरा देवाची शपथ घेऊन म्हणाला, काठी माझी नव्हती. मी मानलं. न मानून कुठं जाणार होते?

महिन्याभरात ॲक्शन झाली, नाका उठला. मी माहेरी राहून तुम्हाला घास भरवत होते. तुम्ही भिंतीकडं बघत तोंड उघडायचात. कुणी खबर दिली, हे एकदाही विचारलं न्हाईत. एकदा म्हणालात, "बाई, तुझ्या हातचं बराबर लागतं." मी ताट तिथंच ठेवून परसात गेले आणि पोटभर रडले. हात वाकडाच राहिला. शेवटपर्यंत डाव्या हातानं जेवलात. खबर पोचवायचीच होती तर दारात आडवं का व्हायचं? आणि पोचवायची नव्हती तर मला का सांगायचं? का तुम्हाला वाटलं, लेकीला आपला उपास माहीतच आहे, ती बघून घेईल?

नात विचारते, कुणाला लिहून राह्यलीस. म्हणलं, कुणाला न्हाई. हा कागद गव्हाच्या डब्यात तळाशी जाईल. पण एक सांगते, हे नवऱ्यालाही कधी सांगितलं न्हाई. "रोजच" तोंडातून गेलं आणि लगेच मला तुमचा शनिवार आठवला होता. नवरा समोरच बसला होता, अजून चहा प्यायचा होता. मी चूल फुंकत राहिले.