पाठीवरचा पाय

पोंभुर्णा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रीता हिला गोकुळाचे आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहायला हात गेला होता. तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

इकडे धान कापून झालं, बांधणी बाकी आहे. आचलचा अभ्यास कसा चालला आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आपल्या ऑटोवाल्या लटारूभाऊच्या हाती राजुऱ्याला, तुझ्या माहेरी पाठवते.

नागपूरच्या डॉक्टरांनी आचलच्या ऑपरेशनची तारीख दिली. सोमवार, २५. भरती आधीच्या शुक्रवारी, २२ ला. तिच्या हृदयातून निघणारी मोठी नस फार फुगली आहे. आमच्या घरात ती नस जन्मापासूनच कच्ची. बाबांची होती, माझ्या भावाची, प्रफुलची होती. लांब हात, लांब बोटं ही त्याचीच खूण. जाळं दूर जातं म्हणून आम्ही कौतुक करत राहिलो. गोळ्यांनी आता भागणार नाही. नस फाटायच्या आधी तेवढा तुकडा काढून नळी बसवायची आहे.

तू लटारूभाऊला म्हणालीस, "दवाखान्यानं माह्या माणसाले मारलं. आता पोरीची छाती काऊन फाडू देऊ?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. चार महिने टाळलं.

त्या दिवशी तू सहालाच धानाच्या रोवणीला गेलीस. साडेसातला प्रफुल तलावावरून परतला. जाळं फेकताना पाठीत एकदम कळ आली म्हणाला, दोन्ही खांद्यांच्या मधे. घामानं भिजला होता.

"बाई, उसण भरली. पाय देऊन दे."

मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. उसण भरली की अर्धं गाव माझा पाय लावून घ्यायचं. मी त्याला उंबऱ्यावर पालथा झोपवला आणि पाठीवर तीनदा पाय दिला. तशातही म्हणाला, "तुह्यापेक्षा शेजारच्या चंचलची म्हैस हलकी." नंतर कळ कमरेकडे सरकली. मी म्हटलं, "उसण उतरून राह्यली. पडून राय."

ती उतरत नव्हती. नस खालपर्यंत फाटत चालली होती.

बारा वाजता त्याचा डावा पाय गार पडला, तेव्हा मी ऑटो बोलावला. दवाखान्यात विचारलं, कधीपासून दुखते? मी सांगितलं, तासभर झाला. तुलाही तेच सांगितलं. म्हणून तुला वाटलं, तासाभरापूर्वी धडधाकट असलेला माणूस त्यांनी आत नेला आणि मेलेला बाहेर आणला.

तासभर नाही, रीता. साडेचार तास तो माझ्यासमोर पडून होता.

हे मी गेल्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांना सांगितलं. पायानं नस फाटली नाही, ती आधीच फाटली होती, असं ते म्हणाले. उशिराबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

राग माझ्यावर ठेव. दवाखान्यावर ठेवू नको. आचलला छातीत, पाठीत कळ आली तर कोणाचा पाय लावू देऊ नको, तडक मोठ्या दवाखान्यात ने. मी आता कोणालाच पाय देत नाही.

शुक्रवारी पहाटे लटारूभाऊ गाडी घेऊन येईल. फाईल त्याच्याजवळ आहे. मी गाडीत नसेन. आचलला बसव आणि तू सोबत जा.

नणंद म्हणून सही करत नाही.

त्या सकाळी घरी होती ती,
गोकुळा