रिकाम्या जागेची पाटी

मास्तर, आज दुपारी पोरं पटांगणात रांगेत उभी राहिली, गळ्यात पाट्या, आणि मधली एक जागा रिकामी राहिली. कोणी सरकून ती भरेना. तेव्हापासून तुमची आठवण डोक्यातून जात नाही.

भोरच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला तुम्ही आम्हाला बाहेर काढायचात. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेली पाटी, पाटीवर एकच शब्द, आणि आम्ही सगळे मिळून एक वाक्य. तुम्ही 'प्रश्न!' म्हणून ओरडलात की ज्याचा शब्द पुढे यायचा त्याने धावत पुढे यायचं, बाकीच्यांनी सरकायचं. मी वेल्ह्याकडच्या मेंढपाळाचा पोर, म्हणून पळायचे शब्द मलाच. चुकलं तर छडी नाही. तुम्ही धोतराचा सोगा खोचून स्वतः धावून दाखवायचात. शेजारच्या वर्गातले मास्तर खिडकीतून नाक मुरडायचे.

एके सकाळी वडील मला न्यायला आले. मेंढरांमागे माणूस कमी पडत होता. आमचा खेळ बघून ते भडकलेच. "पोरं हाकताय व्हय मास्तर? मंग त्यो घरी मेंढरंच हाकंल की!" मला शाळा सोडायची नव्हती. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "एक गडी कमी आहे, जरा उभे राहता का?" वडील वहाणा काढतात, देवळात जावं तशा. काठी मात्र सोडत नाहीत. ती तुम्ही दोन्ही हातांनी घेता आणि पाटी त्यांच्या गळ्यात घालता. 'ही', 'विल', 'नॉट', 'गो'. त्यातलं 'नॉट' वडिलांकडे.

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

"नाही, असं लिहिलंय. सगळं मिळून, तो जाणार नाही."

वडील माझ्याकडे बघत राहिले. "आन् म्या तर न्यायाला आलतो," म्हणाले आणि हसायलाच लागले. "ऱ्हाऊ द्या. पाऊसकाळापातुर बघू." पाऊसकाळ सरला, पण ते पुन्हा न्यायला आले नाहीत.

आता मीच मास्तर, सारोळ्याच्या शाळेत तोच खेळ घेतो. खरं सांगायचं तर थकलोय, मास्तर. वर्ग खच्चून भरलेला, गुडघे कुरकुरतात, आणि दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की खेळ बंद, घोकंपट्टी सुरू. काल भोंगवलीहून एका मुलीचा बाप तिला न्यायला आला. वर्गातली सर्वांत चपळ पोरगी. मी तीच 'नॉट'ची पाटी लिहिली आणि त्याच्यापुढे धरली. वाटलं, साधेल. त्याने ती घेतली आणि हळूच ओट्यावर ठेवली. "खेळ नगं, मास्तर. घरात बाळंतीण हाय, पोरीबिगर भागत न्हाई. मला का हौस हाय?" तो खोटं बोलत नव्हता. मुलीने पाटी पुसली, माझ्या हातात दिली आणि बापामागे निघाली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आज तिच्या जागी शेवटी मीच उभा राहिलो. 'प्रश्न!' पोरंच ओरडली, आणि मी पाटी सावरत धावलो. पोरं हसली. मग मी भिंतीला टेकून बराच वेळ बसून राहिलो.

हे पत्र कुठं धाडायचं? तुम्हाला जाऊन वर्षं लोटली. घडी करून ठेवून देईन. एवढंच कबूल करतो, आम्हाला वाटायचं तुम्ही मजेत धावता. तुम्हालाही धाप लागत असेल, हे आजवर कधी माझ्या मनातच आलं नाही.