कमलच्या टोपाबद्दल अक्कास

सेनगाव, बुधवार

तीर्थरूप गोजरअक्का यांस कोंडीबाचा जयभीम. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, पण ते पूर्ण खरं नाही, म्हणून अर्धे बरे आहेत असं समजावं. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? तुम्ही आमचा फोन उचलत नाही, त्यामुळे गुडघ्याची खबर मला तुमच्या वारंग्याच्या रणजीत जीपवाल्याला विचारावी लागते, आणि तो म्हणतो त्याला फक्त जीपचं माहीत असतं. हे पत्र त्याच्याच हाती देत आहे. नात साक्षी वाचून दाखवील म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. (साक्षी बाळा, कंसातलं मोठ्यानं वाचू नको, ते तुझ्यासाठी आहे.)

तुमच्या धाकट्या बहिणीचा, कमलचा आजार आम्ही तीन महिने तुमच्यापासून लपवला आणि तुम्हाला तो परक्याच्या तोंडून कळला, म्हणून तुम्ही रागावलात. तुमचं बराबर आहे. कमलचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एवढंच लिहितो. (आजीनं इथं काही म्हटलं तर थोडं थांब, मग पुढं वाच.)

तर नांदेडला तिला सलाईनमधून कॅन्सरचं औषध देतात, त्यातल्या चौथ्या सलाईननंतर तिचे केस गेले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी मी तेल बदलून पाहिलं, उशी बदलून पाहिली, बोअरऐवजी विहिरीचं पाणी आणून पाहिलं. पंधरा दिवसांत तिचं डोकं माझ्या डोक्यासारखं झालं. गळालेले केस ती एका पिशवीत घालून खुंटीला अडकवत होती. तेवढ्यात केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. फणीत निघालेले केस जमवून कमलनं जन्मभर वाट्या-चमचे घेतले आहेत, ते ती तुमच्याकडूनच शिकली. मला वाटलं, पिशवी रोज डोळ्यांसमोर कशाला. मी ती देऊन झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. इतके लांब केस हल्ली मिळत नाहीत, असं ती बाई म्हणाली. मी मोठ्या कौतुकानं कमलला डबा दाखवला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फणीतले केस मी माझ्या हातानं देत होते. हे मी दिले न्हाईत, हे गेलेत." त्या डब्यात काही ठेवायचं धाडस आमच्या घरात अजून कुणाचं झालेलं नाही.

पुढच्या रविवारी आमच्या प्रेमानंदच्या ज्योतीचं लग्न आहे. प्रेमानंदनं हिंगोलीत हॉल घेतला आहे. आणि कमल म्हणते, मी येत नाही. नवरीची आजी असं डोकं घेऊन बसली तर लोक नवरीला पाहतील का मला? प्रेमानंदनं समजावलं, सून संगितानं समजावलं, ज्योती रडली. मग मी केसांचा टोप आणायचं ठरवलं. कमल माझ्यासमोरही स्कार्फ काढत नाही, म्हणून दुपारी तिचा डोळा लागल्यावर स्कार्फावरूनच दोऱ्यानं माप घेतलं. (स्कार्फाच्या खाली आणखी एक रुमाल होता, ते मला माहीत नव्हतं.)

नांदेडच्या दुकानदारानं पिकलेले, आखूड केस दाखवले आणि म्हणाला, आजीच्या वयाला हेच शोभतील. मी म्हटलं, वय तिचं आहे, केसांचं वय तिनं मला कधी दिसू दिलं नाही. हे केस कुठून येतात म्हणून विचारलं, तर म्हणाला, खेड्यापाड्यांतून. मग मी सगळे टोप उलटून पाहिले. त्यानं सांगितलं, काका, असे लगेच येत नसतात, कारखान्यात जातात, वर्ष लागतं. तरी मी पाहिले. शेवटी खांद्याखाली येणारा एक काळा टोप निवडला. तो घातल्यावर कसा दिसतो हे पाहायला दुसरं डोकं नव्हतं, म्हणून माझ्याच डोक्यावर घातला. आरशात मला पांढऱ्या मिशीची एक बाई दिसली. ती फार काळजीत होती.

घरी आणला तर तो कमलच्या भुवयांपर्यंत उतरला. आत घट्ट करायची पट्टी असते हे दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा टोप माझ्या कानांवर होता. पट्टी कमलनंच शोधली. तिनं आरशात बराच वेळ पाहिलं, हे कुणाचे केस आहेत म्हणून विचारलं, आणि टोप काढून पालथ्या तांब्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी पाठ करून बसलंय असं वाटून मी त्या तांब्याकडे चहा मागितला.

आता अडचण अशी की टोपाला भांग पाडून, वेणी घालून, पिना लावाव्या लागतात. संगिताला ती डोक्याला हात लावू देत नाही. मी वेणी घालून पाहिली. मला दोर वळायचं तेवढं माहीत, त्यामुळे वेणी कासऱ्यासारखी झाली. कमल म्हणाली, "आता दावणीला बांधून राहिले काय मला?" आजार आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी राग मानला नाही.

मोठ्यांना जयभीम, लेकरांना आशीर्वाद. लिहिण्यात चूकभूल झाली असेल तर ती वयाची समजावी.

तुमचा,
कोंडीबा

ता. क. – लहानपणी कमलची वेणी तुम्हीच घालत होता. तुमच्यासमोर ती स्कार्फ काढील. लग्नाच्या दोन दिवस आधी या. मी फाट्यावर घ्यायला येतो.

ता. क. दुसरं – आजार लपवला तो कमलनं नाही, मी. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, अक्काला कळवा. तुम्ही येऊन रडाल आणि तिला सगळं समजेल, या भीतीनं मी कळवलं नाही. तिला तर आधीच समजलं होतं. तुम्ही बोलत नाही याची तकलीफ ती सहा महिने माझ्या वाट्याची भोगून राहिली आहे. (साक्षी, हे मात्र मोठ्यानं वाच.)

ता. क. तिसरं – पत्राची घडी करताना कमलनं मला पकडलं आणि माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. ती म्हणते, "टोपासाठी ये म्हणून कशाला लिहिता? अक्का संगं बसली तर मी स्कार्फावरच लग्नाला येते." घातलेला टोप परत घेत नाहीत, अशी दुकानात पाटी आहे. तरी तुम्ही या.